पुरात बुडालेली बुलेट: ऑइल पंपाच्या कामाच्या नोंदी

गाडी आप्पांची, म्हणजे माझ्या वडलांची. बुलेट ३५०, १९८८ चं मॉडेल, जुनं कास्ट आयर्न इंजिन, पॉइंटवाली, गिअर उजव्या पायात. कामाची जागा सांगलीतल्या गावभागातल्या आमच्या घराचा पुढचा सोपा. वेळ मिळेल तसं शनिवार-रविवार.

२ डिसेंबर २०२३, शनिवार

तीन आठवडे गाडी सोप्यातच उभी होती, आज बाहेर काढली. पाचव्या किकला चालू झाली आणि निळा धूर असा सुटला की समोरच्या काकूंनी वाळत घातलेली धुणी आत नेली. दोन मिनिटांनी धूर कमी झाला पण हेडमधनं टकटक यायला लागली, आणि ती गाडी गरम होईल तशी वाढतच गेली. हे गेल्या पावसाळ्यापासनं चाललंय, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) दोनदा सेट करून झाले, फरक काहीच नाही. बंद करून डिपस्टिक काढली तर एकदम कोरडी. आप्पा म्हणाले, "अर्धा लिटर ओत की वरनं." मी ओतलं नाही.

कारण या इंजिनात ऑइल खाली सम्पात, म्हणजे तळाच्या कुंडात, साठत नाही, क्रँककेसच्या (क्रँक फिरतो तो इंजिनाचा खालचा डबा) मागच्या बाजूला त्याच ओतकामात वेगळी टाकी आहे. उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरमध्ये दोन पंप असतात. एक फीडचा, तो टाकीतलं ऑइल घेऊन क्रँकच्या बिग एंडला (कनेक्टिंग रॉडचं क्रँकवर बसणारं खालचं टोक) देतो. दुसरा रिटर्नचा, तो क्रँककेसमध्ये पडलेलं ऑइल उचलून परत पाठवतो आणि जाता जाता वर हेडमधल्या रॉकरला (व्हॉल्व्ह दाबणारे हात) पण पाजतो. रिटर्नचा पंप फीडपेक्षा मोठा, जवळजवळ दुप्पट उचलणारा, म्हणजे खाली ऑइल साठून राहूच नये. आता गाडी नुसती उभी असताना टाकीतलं थोडं ऑइल पंपातनं झिरपून खाली उतरतं, हे जुन्या बुलेटला थोडंफार चालतंच. पण दोन-तीन मिनिटं इंजिन चालवल्यावर ते परत टाकीत यायला पाहिजे, ते आलं नाही म्हणजे रिटर्न पंप उचलतच नाहीये. अशा वेळी डिपस्टिक कोरडी बघून वरनं ओतलं की आत एकूण ऑइल जास्त होतं, ब्रीदरमधनं (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) फेकतं, स्पार्क प्लग काळा होतो आणि खरा रोग तसाच राहतो.

रॉकरला जाणाऱ्या पाइपचा वरचा बोल्ट ढिला करून बघितला. गाडी चालू असताना तिथनं ऑइल पाझरायला पाहिजे. अर्ध्या मिनिटात एक थेंब आला, तेवढाच. गाडी बंद केली आणि आता पंप उघडल्याशिवाय चालू करायची नाही असं ठरवलं.

३ डिसेंबर, रविवार

टाकीचा आणि क्रँककेसचा, दोन्ही ड्रेन प्लग काढून ऑइल वेगवेगळं काढलं, दुधाच्या मापानं मोजलं. टाकीतनं साधारण ७०० मिली, क्रँककेसमधनं सव्वा लिटर. उलटंच चित्र.

ऑइल चार महिन्यांपूर्वी बदललेलं, दिसायला ठीक होतं. पण दोन बोटांत चोळलं तर कचकच लागली. अगदी बारीक, भाकरीच्या पिठात वाळू आल्यावर दाताला लागते तशी. स्टीलच्या ताटात थोडं ओतलं, त्यात रॉकेल घातलं आणि ताट तिरकं करून तासभर ठेवलं. खाली काठाला काळपट गाळाची रेघ जमली. धातूचा कीस असता तर उन्हात चमकला असता. हा चमकत नव्हता, ही माती होती. आणि आप्पांनी ताट हातात घेऊन नुसतं बघितलं आणि म्हणाले, "ही कृष्णेची हाय."

ऑगस्ट २०१९. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी तिथं ४५ फूट. गावभागात आमच्या घरात छातीएवढं पाणी. २००५ चा पूर बघितलेला म्हणून आप्पांनी त्या पुराच्या खुणेच्या वर राहील अशा अंदाजानं गाडी जोत्यावर चढवून ठेवली होती, पण यावेळी पाणी त्याच्याही वर आलं, आणि आम्ही विश्रामबागला मावशीकडं असताना गाडी दिवसच्या दिवस पाण्याखाली राहिली. पाणी उतरल्यावर ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं निघालं होतं. तेव्हा शहरात प्रत्येक गॅरेजपुढं भिजलेल्या गाड्यांची रांग, ज्यांच्याकडं दिली त्यांनी ऑइल दोनदा बदललं, मॅग्नेट-पॉइंट सुकवले आणि चालू करून दिली. आत उघडून कुणी बघितलं नाही. माझा राग त्या माणसावर नाही, त्या महिन्यात त्यांच्या दारात पन्नास गाड्या उभ्या होत्या. पण चार वर्षं ही माती आतच फिरत होती हे आज ताटात बघितलं आणि पोटात गोळा आला.

९ डिसेंबर, शनिवार

सायलेन्सरचा पाइप आणि उजवं फूटरेस्ट काढलं, मग टायमिंग कव्हर. कव्हरचे स्क्रू कमी-जास्त लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी भोक पाडून खोचत गेलो. लांब स्क्रू आखूड जागेत पिळला तर ॲल्युमिनियमचा आटा जातो आणि मग पुढचं सगळं दुखणं.

कव्हर सुटता सुटेना. आत क्रँकच्या टोकाला वर्म आहे, म्हणजे जाड आट्यांचा नट, तो कव्हरमधल्या पंपाच्या स्पिंडलचे (फिरणाऱ्या दांड्याचे) दात फिरवतो. कव्हर सरळ बाहेर ओढताना तो स्पिंडल फिरला तरच दात एकमेकांतनं सुटतात. आमचा स्पिंडल जडच फिरत होता. हातोडा घेतला होता, ठेवला. कव्हरवरची पंपांची झाकणं काढली, दोन्ही डिस्क आणि प्लंजर काढून घेतले, मग स्पिंडल मोकळा झाला आणि कव्हर हातात आलं. खरं तर हेच आधी करायला पाहिजे होतं, पंप आधी काढा, कव्हर मग.

वर्मच्या नटावर छिन्नीचे चार जुने घाव. हा नट उलट्या आट्याचा आहे, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवला तर सुटतो. कधीतरी कुणीतरी हे न कळता छिन्नी लावून उलटा ठोकत बसलेलं दिसतंय.

१० डिसेंबर, रविवार

आज पंप टेबलावर ठेवून नीट बघितले. या पंपात दातांची चाकं नाहीत. स्पिंडलच्या दोन टोकांना मध्यापासनं बाजूला सरकवलेली एकेक खुंटी, त्या खुंटीवर प्लंजर, प्लंजर एका जाड गोल डिस्कमध्ये मागं-पुढं सरकतो आणि सरकताना डिस्क डुलते. डिस्क डुलली की तिची भोकं कव्हरमधल्या भोकांसमोर येतात-जातात, एका बाजूनं ऑइल ओढलं जातं, दुसऱ्या बाजूनं ढकललं जातं. व्हॉल्व्ह नाही, काही नाही. डिस्कच्या पाठीवर स्प्रिंग, तो तिला कव्हरच्या गुळगुळीत जागेवर दाबून धरतो. सगळा खेळ त्या दोन सपाट जागा एकमेकींवर किती घट्ट बसतात यावर. साधा आहे, मला आवडला हा पंप. पण वाळूसमोर त्याचं काहीच चालत नाही.

फीडच्या डिस्कवर बारीक गोल रेघा. रिटर्नच्या डिस्कवर नखाला अडकेल असा ओरखडा, आणि समोरच्या कव्हरच्या जागेवर तसाच, कंसाच्या आकाराचा, थेट एका भोकापासनं दुसऱ्या भोकापर्यंत. म्हणजे पंप जे उचलत होता ते त्या नालीतनं तिथल्या तिथं परत जात होतं. गरम ऑइल पातळ, ते आणखी सहज पळणार, म्हणून गाडी गरम झाल्यावर टकटक वाढायची. स्पिंडलचे मधले दात झिजून सुरीच्या पात्यासारखे धारदार झालेत. अजून दोन-तीन हजार किलोमीटर चालवली असती तर दातच तुटले असते, दोन्ही पंप एकदम बंद, आणि या इंजिनाला ऑइल प्रेशरचा दिवा पण नाही की काटा पण नाही. कळलं असतं ते पिस्टन जाम झाल्यावरच.

१३ डिसेंबर, बुधवार

संध्याकाळी मिरजेला मेस्त्री मामांकडं गेलो, सगळे पार्ट डब्यात घालून. सत्तरी ओलांडली, गॅरेज बंद करून बरीच वर्षं झाली, पण बुलेट म्हणलं की चष्मा लावून बसतात. मी विचारलं, नवीन पंपाचा सेट कुठला घेऊ. त्यांनी पंपाकडं बघितलंच नाही, आधी विचारलं फिल्टर कुठं आहे.

फेल्टचा फिल्टर मी घरीच ठेवून आलो होतो, काळा होऊन कडक झालेला. मामा म्हणाले, "फिल्टर पंपाच्या फुडं असतोय. टाकीतनं ऑइल आधी पंपात येतंय, मग फिल्टरात, मग बिग एंडला. म्हंजे टाकीत माती असली तर पयला मार पंपालाच. नवा पंप घालशील, चार म्हैन्यात त्यो बी जाईल. पंप मेला न्हाई पोरा, मारलाय, आणि मारणारा अजून आत बसलाय. त्याला भाईर काढ, मग पंपाचं बघू."

हे ऐकून मी जरा वरमलो. मी आठवडाभर फोनवर पंपांचे फोटोच बघत होतो.

अजून एक सांगितलं, ब्लॉक उतरवून कनेक्टिंग रॉड हलवून बघ. ३५० ची बिग एंड बेअरिंग रोलरची नाही, फ्लोटिंग बुशची, तिला ऑइल कमी पडलेलं चालत नाही. रॉड वर-खाली हलला तर क्रँक उघडावा लागेल. बाजूला थोडा हलला तर चालतंय, तो असतोच.

१६ आणि १७ डिसेंबर

दोन दिवस फक्त सफाई. हेड आणि ब्लॉक उतरवले. ब्लॉकला उभ्या दोन फिकट रेघा, नखाला लागत नाहीत, रीबोअर (सिलिंडर आतनं कापून मोठा करणं) नको. रॉड वर धरून दाबून, ओढून बघितला, वर-खाली जराही खेळ नाही. आप्पा शेजारी स्टुलावर श्वास धरून बसले होते, मी मान हलवल्यावर आत जाऊन चहा ठेवायला सांगितला.

मग ऑइलची टाकी. ड्रेनचा प्लग काढला की सगळं येतं असं वाटतं पण येत नाही. बाहेरनं बोट घालून चाचपलं तर तळाच्या कोपऱ्यात मऊ थर लागला, लोण्यासारखा, ऑइल आणि माती एकजीव झालेली. सायकलच्या ब्रेकच्या जुन्या तारेला टोकाशी कापड बांधून खरवडायचं, डिझेल ओतायचं, हलवायचं, सोडायचं. कधी पुढचं चाक विटांवर, कधी मागचं, कधी दोघांनी धरून गाडी एका अंगाला कलती, म्हणजे सगळ्या कोपऱ्यातलं प्लगकडं यावं. पहिल्या वेळचं डिझेल काळं, चौथ्याला खाकी, सातव्याला स्वच्छ, आठवं खात्रीसाठी. क्रँककेस पण तसाच, वरनं ब्लॉक नसल्यामुळं हात जात होता.

निघालेला गाळ कागदावर वाळवला, दोन मोठे चमचे भरला. वाळल्यावर त्याचा रंग आमच्या मागच्या खोलीच्या भिंतीवर पुराची जी रेघ अजून राहिलीय तिच्यासारखाच. आईनं तो कागद बघितला आणि काही बोलली नाही.

क्रँकच्या टोकाच्या भोकातनं मोठ्या सिरिंजला रबरी नळी लावून डिझेल दाबलं, बिग एंडपाशी थेंब गळायला लागले. आधी काळे, मग स्वच्छ. एवढी वाट मोकळी आहे हे डोळ्यांनी बघितल्यावर बरं वाटलं. मग सगळीकडनं कंप्रेसरची हवा, आणि परत एकदा ताजं ऑइल सोडून कापडावर घेतलं, बोटांत चोळलं. कचकच नाही.

२० डिसेंबर, बुधवार

पार्ट आणले. दोन्ही पंपांच्या डिस्क-प्लंजर, स्प्रिंग, स्पिंडल आणि वर्म जोडीनं (झिजलेल्या वर्मवर नवीन स्पिंडल घातला तर नव्याचे दात जुन्यासारखे होतात), फेल्ट फिल्टर, सगळी पॅकिंग, आणि कव्हरमधला छोटा कॉर्कचा सील. हा कॉर्क लोक विसरतात. फीडचं ऑइल कव्हरमधनं क्रँकच्या टोकात शिरतं ते याच्यातनं. कॉर्क कडक झालेला असेल तर ऑइल तिथनंच बाहेर निसटतं, पंप कितीही नवा असला तरी बिग एंडला पोचत नाही. कव्हर उघडलं की कॉर्क नवा, एवढं धरून चालायचं.

२३ आणि २४ डिसेंबर

नवीन डिस्क जशी पाकिटातनं निघाली तशी बसवायची नाही. कव्हरच्या जागेवर थोडी निळी शाई लावली, डिस्क ठेवून एकदा फिरवली, उचलली. अर्ध्या वर्तुळालाच शाई. म्हणजे अर्धीच टेकतेय.

मग घासकाम. व्हॉल्व्ह बसवायची बारीक पेस्ट ऑइलमध्ये पातळ करून, डिस्कच्या पाठीला रबरी नळीचा तुकडा घट्ट बसवून दोन तळहातांमध्ये रवी फिरवतात तशी फिरवायची. फीडची जागा अर्ध्या तासात सगळीकडं सारखी करडी झाली. रिटर्नच्या ओरखड्यानं मात्र दोन संध्याकाळी घेतल्या. तिथं आधी जुनीच डिस्क वापरली, नवीन उगाच कशाला झिजवायची, थोडी जाड पेस्ट, दहा मिनिटं, पुसायचं, शाई, बघायचं. दर वेळी नाली थोडी अरुंद दिसायची. दाब सगळीकडं सारखा ठेवायला लागतो, एका बोटाचा जोर जास्त झाला की जागा तिरकी होते, आणि ॲल्युमिनियम मऊ असल्यामुळं चूक लगेच पक्की होते. शेवटी नवीन डिस्क आणि एकदम बारीक पेस्ट. रविवारी रात्री साडेनऊला शाईचा पूर्ण गोल उमटला, कुठंही न तुटता. आप्पांना दाखवला, त्यांनी उजेडात धरून दोनदा बघितला.

पेस्ट धुणं हे घासण्याएवढंच महत्त्वाचं. ती पण वाळूच आहे. एक कण ऑइलच्या वाटेत राहिला तर थेट बिग एंडला जाणार. रॉकेल, मग साबणाचं गरम पाणी, मग परत हवा, प्रत्येक भोकातनं सिरिंजनं.

३१ डिसेंबर, रविवार

जोडणी. वर्मचा नट उलट्या आट्याचा हे खडूनं जमिनीवर लिहूनच ठेवलं होतं. पॅकिंगला शेलॅक (चिकटवायची लाख), पातळ हात. मामांनी सिलिकॉन लावू नको म्हणून बजावलं होतं, दाबल्यावर ते आतल्या बाजूला फुगतं, त्याचा तुकडा सुटतो आणि ऑइलच्या बारीक भोकात जाऊन बसतो. कव्हर आत सरकवताना स्पिंडल मोकळा फिरतोय हे बघत बघत, जोर न लावता. प्लंजर, डिस्क ऑइलमध्ये बुडवून मग बसवले. फिल्टरच्या कप्प्यात पण ऑइल भरून घेतलं, नाहीतर पहिलं ऑइल तो कप्पा भरण्यातच जातं आणि बेअरिंग तेवढा वेळ कोरडी. हेड, ब्लॉक दुपारपर्यंत बसले.

७ जानेवारी २०२४, रविवार

नवीन ऑइल, २०डब्ल्यू ५०. स्पार्क प्लग काढून किक मारत बसलो. फीडच्या वाटेवरचा प्लग ढिला ठेवला होता, विसाव्या-पंचविसाव्या किकला तिथनं ऑइल आलं, बुडबुडे गेले, घट्ट केला. पण रॉकरच्या पाइपला काही नाही. साठ किक झाल्या, शर्ट ओला, पाइप कोरडा. मनात आलं की रिटर्नची वाट पॅकिंगनं बंद झाली, कव्हर परत उघडायचं.

मामांना फोन लावला. ते म्हणाले, "क्रँककेस धुवून कोरडा केलास न्हवं? मग रिटर्न उचलंल काय?" खरंच की. फीडनं आधी खाली ऑइल पाडलं तरच रिटर्नला उचलायला काही मिळणार. दोनशे मिली ऑइल क्रँककेसमध्ये सोडलं, आणि नव्या ऑइलचा हात रॉकरवर पण दिला. परत किक. चौदाव्या किकला पाइपच्या बोल्टपाशी थेंब फुगला, फुटला, आणि ओघळ सुरू झाली.

स्पार्क प्लग लावून चालू केली. धूर थोडा, पाच मिनिटांत गेला. टकटक नाही. दहा मिनिटं चालवून डिपस्टिक बघितली, ऑइल खुणेवर. आप्पांनी हातरुमालानं पेट्रोलची टाकी पुसली आणि बसले गाडीवर, हरिपूरपर्यंत जाऊन आले, मी मागनं स्कूटरवर.

२८ जानेवारी, रविवार

संक्रांतीनंतर मुद्दाम दोन आठवडे गाडी हलवली नाही. आज चालू न करता क्रँककेसचा प्लग काढून मोजलं, ९० मिली. जुन्या बुलेटला एवढं झिरपणं मला चालतंय. ते ऑइल स्वच्छ होतं, परत टाकीत ओतलं. मग तासगावला जाऊन आलो, येताना माधवनगरला थांबून गरम इंजिनावर रॉकरचा बोल्ट ढिला केला तर ऑइल बोटावर लगेच.

११ फेब्रुवारी, रविवार

३१० किलोमीटर झाले, ठरल्याप्रमाणं पहिलं ऑइल काढलं. आप्पांनी स्वतः ताट आणलं, तेच. रॉकेल घालून तासभर तिरकं ठेवलं. काठाला धातूची अगदी पुसट चमक, नवीन दातांची, ती पहिल्या वेळी येतेच. माती नाही. फेल्ट फिल्टर काढून धुऊन बघितला, तो ठीक, परत बसवला. पुढचं ऑइल हजाराला, आणि तेव्हा पण ताट.

शेजारच्या गल्लीतल्या एकाची २०१९ लाच बुडालेली गाडी आहे, तिचं पण ऑइल फक्त बदललेलं. पुढच्या रविवारी ती आमच्या सोप्यात येतेय. येताना रिकामा डबा आणि पाच लिटर डिझेल घेऊन ये म्हणून सांगितलंय.